काळ्या काचेवरचा थेंब

मी काळी काच बोलतेय. चष्म्याची नाही आणि गाडीच्या खिडकीचीही नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सवर पुढून फिरवून बसवतात ती. गोल, तळहातात मावेल एवढी, कडेला धातूची रिंग. दुकानदार मला एनडी फिल्टर म्हणतात. ज्या घरात मी आले तिथे मला नुसतं 'काळी' म्हणत. काळी कुठंय, काळीला बोट लावू नका, काळी पुसली का. रंगावरून नाव ठेवायची या लोकांची सवय जुनी आहे, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी उजेड अडवते. भर दुपारी मला लेन्सवर चढवलं की कॅमेऱ्याला वाटतं दिवस मावळला. मग एका फोटोला क्षण पुरत नाही, मिनिटं लागतात. तेवढा वेळ कॅमेऱ्याची पापणी उघडी राहते आणि समोर जे जे हलतं ते फोटोतून पुसलं जातं. वाहत्या पाण्याचा फेस, शिंतोडे, उसळी, सगळं जातं आणि दुधासारखं, धुक्यासारखं काहीतरी उरतं. माणसं चालत गेली तर त्यांचा मागमूस राहत नाही. जे जागच्या जागी उभं असतं तेवढंच उरतं. दगड. खांब. वारा नसेल तर झाड. आणि माणूस, तो हललाच नाही तर.

जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. त्याची मला ओढ नाही. पुढे जयपूरच्या एम.आय. रोडवर एका दुकानाच्या काचेच्या कपाटात पडून होते. तिथून मला गोपीनाथसाहेबांनी उचललं.

गोपीनाथसाहेब म्हणजे विमा कंपनीतले मोठे अधिकारी. मूळचे अकोल्याचे, बदलीवर जयपूरला आलेले. ऑफिस झालान्याला, घर मुरलीपुऱ्याला. रोज अख्खं शहर ओलांडून जायचे, अख्खं शहर ओलांडून यायचे आणि दोन्ही वेळा शहराला नावं ठेवायचे. दुकानदाराला त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला तो मला अजून आठवतो. "इससे लोग गायब हो जाते हैं ना?"

दुकानदार हसला. "हो जाते हैं सर. बस हिलने चाहिए."

त्यांना माणसं नकोच होती. फोटोत नको, वाटेत नको, घरात असली तरी आवाज नको. "एक फ्रेम स्वच्छ मिळत नाही हो या देशात," असं ते म्हणायचे. जणू देश त्यांच्या फ्रेमसाठी जन्माला आला होता.

पण जयपुरात वाहतं पाणी आणायचं कुठून? जलमहालाचं पाणी जागेवर बसून असतं. डोंगरातल्या गलत्याच्या देवळात गोमुखातून येते ती धार बारीक. उद्यानातली कारंजी बहुतेक बंदच. एकदा शेजारच्या शर्माजींची गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली, तर मोटर बंद करा असं सांगायच्या आधी साहेबांनी ट्रायपॉड लावला. शर्माजींचं पाणी वाया गेलं, साहेबांना धबधबा मिळाला.

घरात बायको रत्नप्रभाबाई आणि दोन मुलं. थोरला कौशिक, धाकटी वल्लरी. दोघांनाही साहेबांनी या छंदाला जुंपलं होतं. ट्रायपॉड उचला, छत्री धरा, बॅग सांभाळा. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे उभं राहणं.

कारण असं की, पाण्याच्या फोटोत एक माणूस उभा असला की पाण्याचा आवाका कळतो. आजूबाजूला सगळं वितळलेलं आणि मधोमध एक ठाम माणूस. साहेबांना तसले फोटो आवडायचे. म्हणजे त्यांना माणूस चालायचा. फक्त तो दगडासारखा असायला हवा होता.

वल्लरीला ते जमायचं नाही. ती खाजवायची, शिंकायची, हसायची. फोटोत तिचा नुसता फराटा यायचा, नाहीतर दोन डोकी. "हिला उभं करण्यात अर्थ नाही," असं म्हणून साहेबांनी तिला त्या कामातून काढून टाकलं. ती आज जिवंत आहे ती त्यामुळे.

कौशिकला जमायचं. त्याने श्वाससुद्धा वरच्यावर घ्यायला शिकून घेतलं होतं. गलत्याला माकड त्याच्या पायावरून गेलं तरी तो हलला नाही. साहेब पाहुण्यांना तो फोटो दाखवायचे आणि म्हणायचे, "असा उभा राहणारा मुलगा दाखवा मला आजच्या काळात."

उभं राहण्यापुरतंच नव्हतं ते. कौशिकला गाड्या खोलायला आवडायचं. मुरलीपुऱ्यात गल्लोगल्ली वर्कशॉप, शाळेतून येताना तो तिथेच रेंगाळायचा आणि काळ्या नखांनी घरी यायचा. साहेब म्हणाले, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. तो म्हणाला, "बरं." साहेब म्हणाले, दाढी काढ, गुंड दिसतोस. "बरं." वल्लरी त्याला चिडवायची, "दादा, तुझं नाव बदलून बरं ठेवू या का?" तो म्हणायचा, "बरं." आणि दोघं हसत सुटायची.

त्या वर्षी पाऊस जोरात झाला. चाकसू गावाच्या पुढे, आतल्या रस्त्याला एक जुना बांध आहे. कित्येक वर्षांनी तो काठोकाठ भरला आणि भिंतीवरून पाणी पडायला लागलं. इकडचे लोक याला चादर चालणं म्हणतात. चादर चालली की सगळा मुलूख बघायला लोटतो. ट्रॅक्टर भरभरून माणसं, गाडीवर मोठ्याने गाणी, कढईत मिरचीवडे, पाण्याखाली डोकं धरून किंचाळणारी पोरं. कोरड्या मुलखाचा आनंद तो. साहेबांना त्यात फक्त गर्दी दिसली. "काही हरकत नाही," ते म्हणाले. "काळी आहे ना. सगळी साफ करेल."

रविवारी साहेब, कौशिक आणि गजाननकाका असे तिघं गेले. गजाननकाका म्हणजे इथल्या मराठी मंडळातले साहेबांचे मित्र, बँकेतून निवृत्त झालेले आणि फोटोंचेही शौकीन. वल्लरीलाही यायचं होतं. साहेब म्हणाले, "तू हलतेस."

चादरीच्या एका अंगाला, भिंतीच्या खाली, पाण्यातून थोडा वर आलेला एक चपटा दगड होता. साहेबांनी कौशिकला त्यावर उभं केलं. पांढरा शर्ट घालायला घरूनच सांगितलं होतं, उठून दिसावा म्हणून. पाणी घोट्याला लागत होतं. गजाननकाका म्हणाले, "तुमचं होऊ द्या, मी गरम कचोऱ्या घेऊन येतो," आणि वर रस्त्याकडे गेले.

आता नीट ऐका. मला चढवायची एक रीत आहे. आधी कॅमेरा लावायचा, समोरचं जुळवून घ्यायचं आणि मग शेवटी मला फिरवून बसवायचं. मी बसले की कॅमेऱ्यातून काही दिसत नाही. काळोख. म्हणून मग माणसाने डोकं वर करावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी समोर पाहावं. एवढी साधी गोष्ट. पण साहेब डोकं वर करत नसत. कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने उजेड शिरू नये म्हणून ते त्यावर काळं कापड धरून वाकायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसायचे.

कौशिककडे तोंड करून फक्त मी होते.

पापणी उघडली. वरच्या अंगाला कुठेतरी आणखी पाऊस झाला असणार, कारण चादर जाड व्हायला लागली. पाण्याचा रंग बदलला. घोट्याचं पाणी पोटरीला आलं.

"बाबा, पाणी वाढलंय. येऊ का?"

"हलू नकोस."

कौशिक हलला नाही. दगडाच्या कडा दिसेनाशा झाल्या. पाणी गुडघ्याला आलं तेव्हा त्याचे हात अंगापासून किंचित लांब झाले. तोल सांभाळताना होतात तसे. पण लगेच त्याने ते परत अंगाला चिकटवले. फोटो बिघडेल म्हणून.

"बाबा, पाय सरकतोय. मतलब... खरंच."

"कौशिक! झालंच आहे. एवढं सगळं जुळून आलंय. हलू नकोस म्हटलं ना?"

"बरं."

त्याचा तो शेवटचा शब्द. त्यानंतर पाण्याचा एक लोट आला आणि दगडावर कोणी नव्हतं. त्याच्या पडण्याने जो शिंतोडा उडाला त्यातला एक थेंब माझ्यापर्यंत आला आणि माझ्या मधोमध, जरासा डावीकडे, बसला.

पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं. साहेबांचं ओरडणं. न्हाणाऱ्या पोरांचं धडाधड उड्या मारणं. कुणीतरी पागोट्यांना गाठी मारून केलेला दोर. ती पोरं त्यांची कुणी नव्हती, आणि साहेब त्यांना मघाशीच पुसून टाकणार होते. कौशिक खाली लांबवर बाभळीच्या मुळांत अडकलेला सापडला. तोवर कॅमेऱ्याची पापणी उघडीच होती. बंद करायचं भान कुणाला असणार? कचोऱ्यांचा पुडा हातात घेऊन धावत आलेल्या गजाननकाकांनी शेवटी कॅमेरा बंद केला आणि तसाच बॅगेत कोंबला. माझ्यासकट.

इतका वेळ उघडा राहिलेला फोटो कसा येतो माहीत आहे? पांढरा. उजेड साचून साचून सगळं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात बांध आहे, चादर आहे, उड्या मारणारी पोरं आहेत, कौशिक उभा आहे, कौशिक नाही आहे. दिसत काहीच नाही.

पोलिस आले तेव्हा साहेब म्हणाले, "फोटो काढून झाले होते. कॅमेरा बॅगेत होता. मी नको म्हणत असताना तो पाण्यात उतरला. ऐकलं नाही त्याने."

गजाननकाकांनी मान डोलावली. त्यांनीच मला लेन्सवरून न काढता बॅगेत टाकलं होतं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण मोठी माणसं एकमेकांचं झाकतात. त्याला ते समजूतदारपणा म्हणतात.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. अकोल्याचे थोरले काका, मंडळाचे लोक, ऑफिसचे लोक. मी बॅगेत होते, बॅग दिवाणाखाली होती, आणि दिवाणावर बसून माणसं बोलत होती.

"हल्लीची पोरं ऐकतच नाहीत हो."

"बाप घसा फोडून सांगत होता म्हणे."

"वल्लरी, तू तरी ऐकत जा गं बेटा आता."

एका मुलाचा जीव गेला आणि यांनी त्याचा धडा बनवला. चहाबरोबर खायला.

सगळ्यात वाईट झालं ते रत्नप्रभाबाईंचं. त्यांनी नवऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्या पोरावर रागावल्या. मेलेल्या पोरावर. "एकदा आयकलं असतं बापाचं तर काय गेलं असतं त्याचं?" असं त्या भिंतीला विचारायच्या, कुकरला विचारायच्या. त्याचा फोटो हॉलमध्ये लावू दिला नाही. "त्यानं माहा विचार केला नाही. मी काहून त्याले रोज पाहू?" रडणंसुद्धा धड होत नव्हतं त्यांचं. मधे राग यायचा.

वल्लरीला हे पटत नव्हतं. दादा आणि ऐकलं नाही? पण तिला कोण विचारतो. तिने कॉलेज सोडलं. दुसरं वर्ष चालू होतं, एक दिवस सकाळी उठलीच नाही, नंतर कधीच गेली नाही. लगेच सगळे म्हणाले, बघा, भाऊ तसा, बहीण अशी.

एका दुपारी साहेब ऑफिसात असताना तिने दिवाणाखालची बॅग ओढली. दादाचा एखादा फोटो मिळतो का पाहायला. कॅमेरा बाहेर काढला आणि ती थांबली. मी लेन्सवर होते. तिने मला फिरवून पाहिलं. मी हलले नाही. पाणी आणि माती आट्यांत जाऊन मी घट्ट बसले होते.

तिला रीत माहीत होती. लहानपणी एकदा मला न काढताच तिने कॅमेरा बॅगेत ठेवला होता, तर साहेबांनी तिला दोन दिवस बोलून दाखवलं होतं. काळी चढलेली असताना कॅमेरा बॅगेत जात नाही. त्यांच्या आयुष्यातला तो एकमेव नियम होता जो ते स्वतःही पाळायचे. मग फोटो काढून झाले होते आणि कॅमेरा बॅगेत होता, तर मी लेन्सवर कशी?

तिने गजाननकाकांना फोन लावला.

"काका, त्या दिवशी कॅमेरा कोणी बॅगेत ठेवला?"

"अगं... झालं ते झालं ना बेटा. आता त्याचं काय?"

"काळी लेन्सवर आहे."

काकांनी तिकडे खोकून घेतलं. मग, "राहिली असेल घाईत. वल्लरी, बाबांना त्रास नको देऊस हं. खचलेत ते."

"आणि आई?"

फोन कट झाला.

संध्याकाळी तिने साहेबांना विचारलं. साहेब जेवत होते. म्हणाले, "मी एकदा सांगितलंय. परत परत तेच विचारायचं नाही." आणि ताक मागितलं.

दिवाळीनंतर साहेबांनी कॅमेरा पुन्हा हातात घेतला. मला काढायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. गलत्याला गेले, अंदाजाने कॅमेरा लावला, धारेचा फोटो काढला. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडला आणि खुर्चीत ताठ झाले. दुधाळ पाण्यात, मधोमध, जरासा डावीकडे, एक फिकट ठिपका उभा होता. धुरासारखा, उभट.

मला माहीत होतं ते काय आहे. तो थेंब. वाळून माझ्यावर त्याचा पांढुरका डाग राहिला होता, आणि माझ्यावर जे असतं ते फोटोत उतरतं. साधी गोष्ट. साहेबांनाही ती माहीत होती, वीस वर्षं काचाच पुसल्या त्यांनी. पण त्यांना ती आठवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेतल्या नळाचा फोटो काढला. तिथे तो उभा. शर्माजींच्या टाकीचा काढला. तिथे तो उभा. बेसिनमध्ये नळ सोडून काढला, तर बेसिनमध्येही तो उभा.

तेव्हापासून मला पुसायला बंदी झाली. दर रविवारी साहेब दार लावून बसायचे. कधी तो पांढरा फोटो उघडून त्यातला उजेड कमी करत बसायचे. पांढऱ्याचा राखाडी व्हायचा, बाकी काही नाही. कधी नळ सोडायचे, मला त्याच्यासमोर धरायचे आणि कापडाखाली वाकून हळूच म्हणायचे, "हलू नकोस हं. हलू नकोस."

वल्लरीने ते दाराबाहेरून ऐकलं. ती चादरीची वाट बघत बसली.

पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा भरला. वर्षश्राद्धाचे विधी झाल्यावर रत्नप्रभाबाई म्हणाल्या, तिथे जाऊन पाण्यात फुलं सोडू या. चौघं निघाले. साहेब, बाई, वल्लरी आणि गाडी चालवायला गजाननकाका. साहेबांनी कॅमेऱ्याची बॅग घेतली. बाईंनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सकाळची वेळ होती, गर्दी अजून यायची होती. चादर चालू होती, पण पातळ. फुलं सोडून झाली. साहेबांनी कुणाला न सांगता ट्रायपॉड उघडला, त्याच जागी लावला, आणि मी समोर पाहिलं तर दगडावर वल्लरी उभी होती. पांढऱ्या शर्टात. कौशिकच्या.

"वल्लरी!" साहेबांचा आवाज फाटला. "बाहेर ये तिथून!"

"काळी चढलीय ना बाबा? काढा फोटो. मी नाही हलणार आज. शिकले मी."

"तमाशा करू नकोस. बाहेर ये म्हणतो ना!"

"मी न ऐकणारी आहे. न ऐकणारी मुलं मरतात ना? तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना." पाणी तिच्या पोटरीला धडका देत होतं. "मग ऐकणारा कसा मेला ते सांगा. मतलब, आईसमोर सांगा. मग येते."

"बेटा, असं नसतं करायचं," गजाननकाका म्हणाले.

"काका, तुम्ही कचोऱ्या आणा जाऊन."

रत्नप्रभाबाई आधी घाबरून ओरडत होत्या, "ये वं पोट्टी, काहून जीव घेऊन राहिली माहा!" पण हे ऐकून त्यांनी वल्लरीकडे पाहिलं. ट्रायपॉडकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"काय सांगतलं होतं तुम्ही त्याले?"

"रत्ना, आधी तिला..."

"काय सांगतलं होतं माह्या पोराले?"

वल्लरीचा एक पाय सरकला. हात अंगापासून लांब झाले. मी हे आधी पाहिलं होतं. तिने ते परत अंगाला चिकटवले, अगदी तसेच. साहेबांनी त्या दिवशी हे पाहिलं नव्हतं. आज त्यांचं डोकं वर होतं.

"हल!" ते ओरडले. "हल, वल्लरी, हल तिथून! मी सांगितलं होतं त्याला! हलू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं. त्याने विचारलं, येऊ का. दोनदा विचारलं. मी म्हटलं, हलू नकोस." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "तो बरं म्हणाला."

वल्लरी दगडावरून उतरली. साहेबांनी हात पुढे केला. तो तिने धरला नाही. आईचा धरला.

मग रत्नप्रभाबाईंनी गजाननकाकांना विचारलं, "तुम्हाले माहीत होतं, भाऊजी?"

"वहिनी, आता बोलून काय..."

"म्हणजे होतं."

काका चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. या वयाची माणसं शरम वाटली की चपलेकडेच का बघतात, मला कळत नाही. तिथे काही लिहिलेलं नसतं.

साहेब चिखलात बसले होते. कॅमेऱ्याकडे हात करून म्हणाले, "तो आहे, रत्ना. काळीतून दिसतो मला. प्रत्येक फोटोत उभा असतो. मी म्हटलं हलू नकोस, तर अजून हलला नाही तो."

बाई उठल्या. माझ्यासमोर आल्या. इतक्या जवळून त्यांनी मला कधीच पाहिलं नव्हतं. त्यांना डाग दिसला. बोटाने त्यांनी तो चाचपला.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "वर्षभर उभं ठेवलं तुम्ही त्याले?"

"पुसू नकोस. रत्ना, पाया पडतो, पुसू नकोस."

त्यांनी पदराचं टोक तोंडात घालून ओलं केलं. बाहेर निघताना पोराच्या गालावरचं काही पुसतात, तसं. एकदा पुसून डाग गेला नाही. पुन्हा ओलं केलं, पुन्हा घासलं. घासताना त्यांचा राग निघून जात होता आणि रडू येत होतं. वर्षभराचं, एकसंध, मधे कुठेही न अडकणारं.

"जाय रे बाप्पा," त्या म्हणत होत्या. "आयकलं तू. लय आयकलं. आता हल. जाय."

डाग गेला.

माझी गोष्ट इथेच संपते म्हणायला हरकत नाही. साहेबांना कोणी माफ केलं वगैरे नाही. ते झालान्याला जातात, येतात, वेगळ्या खोलीत जेवतात. गजाननकाका मंडळात सगळ्यांना सांगतात की वल्लरी हाताबाहेर गेली. बाईंनी मात्र परत येताना गाडीतूनच अकोल्याला फोन लावला होता. काका गाडी चालवत होते, साहेब शेजारी होते, दोघांच्या देखत. "थोरले भाऊजी, माह्या पोरानं आयकलं होतं. हो. बापाचंच आयकलं होतं. आता हे ज्याले ज्याले सांगतलं होतं त्याले त्याले सांगा." मग पुढचा फोन. मग त्याच्या पुढचा.

मला वल्लरीने काढलं. रिंगभोवती जाड रबर गुंडाळून पिळलं आणि मी सुटले. आता मी तिच्या खिडकीत पडून असते. पलीकडच्या वर्कशॉपात ती गाड्या खोलायला शिकते, काळ्या नखांनी घरी येते. कधी मला उचलून डोळ्याला लावते, खालचा रस्ता बघते, परत ठेवते. माझ्यावर आता काही नाही. कधीकधी जिथे डाग होता तिथे मला थंड लागतं. काचेला असं वाटू नये, पण लागतं.

हॉलमध्ये कौशिकचा फोटो लागलाय. हार घातलेला, पण कसाबसा, कारण चेहरा नीट कळत नाही. वल्लरीने कधीतरी काढलेला. दादा वळून हसतोय, डोकं फराटलंय, हात तर नुसता ढग आहे. साहेबांनी बिघडलेला म्हणून तो केव्हाच बाजूला टाकला होता. फ्रेमवाल्यानेही विचारलं, दुसरा साफ नहीं है क्या? बाई म्हणाल्या, "यही चाहिए भैया. इसमें हिल रहा है वो."

मला लेन्सवर चढवणाऱ्यांनो, तुम्हाला एवढंच सांगून जाते. मी चढले की डोकं वर करा. आणि समोर पाण्यात उभ्या असलेल्या पोरांनो, पाय सरकला तर विचारत बसू नका. हला. फोटो बिघडू दे.